दहा मिनिटांत आलो

घरातून बाहेर पडताना मी गेली त्रेचाळीस वर्षं एकच वाक्य बोलतोय. "दहा मिनिटांत आलो." लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात साबण आणायला निघालो, तेव्हा पहिल्यांदा बोललो. (बायको म्हणते, तो साबण अजून यायचाय. तिला वाढवून सांगायची सवयच आहे. साबण दुसऱ्या दिवशी आला होता.)

हसताय काय? तुम्हीही हेच बोलता. फक्त तुमच्या घरात स्टॅटिस्टिक्स शिकणारी नात नाही, म्हणून तुमचं झाकलेलं आहे.

आमच्याकडे ती आहे. कॉलेज जवळ पडतं म्हणून आमच्याजवळ राहते. पोरगी हुशार, पण गेल्या वर्षी नेमकी या स्टॅटिस्टिक्समध्ये आपटली. यंदा तोच पेपर पुन्हा. त्यात वीस मार्क एका प्रोजेक्टचे, आणि प्रोजेक्टमध्ये नापास झालं की लेखी पेपरात कितीही दिवे लावले तरी उपयोग नाही, अख्खं वर्ष पाण्यात. तेव्हा जेवणाच्या टेबलावर कोरा कागद पुढ्यात घेऊन ती अशी बसली होती, की जणू कागदच तिला प्रश्न विचारतोय.

"आजोबा, मला एक दावा हवाय," ती म्हणाली. "कुणीतरी ठामपणे सांगितलेला सरासरीचा आकडा. मग मी थोडी मापं घेणार आणि दावा टिकतो की पडतो ते गणितानं ठरवणार. बल्बच्या कंपनीचा घेऊ का? त्यांचा बल्ब सरासरी हजार तास चालतो म्हणे."

"बल्ब जायची वाट बघत बसलीस तर आधी मी जाईन," मी म्हटलं.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला, "अहो, मीठ संपलंय."

"आणतो. दहा मिनिटांत आलो."

नातीचं पेन हवेत थांबलं. "आजोबा, हा दावा आहे?"

आता बघा, इथं मला नुसतं हसून पिशवी उचलायची होती. एवढंच. पण मी पडलो जन्माचा खोडकर. मी छाती काढून म्हणालो, "दावा कसला? सत्य आहे. लिहून घे. सरासरी दहा मिनिटं."

बायको डाव हातात घेऊनच बाहेर आली. "घे गं, लिहून घे! आणि त्याखाली हेही लिही, की हे खोटं ठरलं तर त्या दिवसापासून या घरातलं सगळं सामान मोबाइलवरून मागवायचं. दारात आणून देतात. यांनी घरात बसायचं."

"मंजूर!" मी म्हणालो. (तोंडातून शब्द निघाला आणि लगेच परत घ्यावासा वाटला.)

कारण तुम्हाला म्हणून सांगतो, मीठ आणणं हे माझं निमित्त आहे. सातवी पास झालो, आठवीत तीन महिने गेलो, आणि काकांनी घड्याळं दुरुस्त करायच्या दुकानात नेऊन बसवलं. चाळीस वर्षं डोळ्याला भिंग लावून, मान मोडून, पिटुकल्या चाकांशी गप्पा मारल्या. चाकं काही बोलत नाहीत. दुकान बंद केल्यापासून मी माणसांशी बोलून ती कसर भरून काढतोय. कोपऱ्यावरचा सलूनवाला, त्याच्या शेजारचा चांभार, पलीकडचा औषधवाला. चांभाराच्या एका बुटात दुसऱ्याची लेस घालून ठेवायची, औषधवाल्याच्या काउंटरवर उभं राहून गिऱ्हाइकाला "हे औषध मीही घेत होतो, मग केस गेले" असं सांगायचं, अशी माझी नाना कामं असतात. तीच बंद झाली तर मी घरात करू काय?

नातीनं मला सगळं समजावून सांगितलं. मलाही उत्सुकता होती, आपल्याला कुठल्या यंत्रात घालणार आहेत ते आधी बघावं म्हणून.

"आधी आपण धरून चालायचं की आजोबा खरं बोलतात," ती म्हणाली. "याला शून्य परिकल्पना म्हणतात."

या घरात कुणी मी खरं बोलतो असं धरून चालल्याची ही पहिलीच वेळ. मला भरून आलं.

"मग बारा वेळा मोजायचं. बारांची सरासरी दहाच्या थोडी वर आली, तर ते योगायोगानंही होऊ शकतं. एखाद दिवशी रांग असते, एखाद दिवशी लिफ्ट बंद. पण इतकी वर आली, की आजोबा खरं बोलत असते तर असं शंभरात पाच वेळासुद्धा घडलं नसतं, तर मग त्यांचा दावा फेटाळायचा."

"आणि नाही आली तर मी खरा!" मी म्हणालो.

"नाही आजोबा. खरे म्हणायचं नाही. दावा स्वीकारला असं म्हणतच नाहीत. फेटाळायला पुरेसा पुरावा मिळाला नाही, एवढंच म्हणायचं."

बायकोनं डाव खाली ठेवला. "अगदी बरोबर," ती म्हणाली. "मीही यांना स्वीकारलं असं नाही. फेटाळण्याइतका पुरावा लग्नाआधी मिळाला नाही, एवढंच."

(नात आजीकडे अशा आदरानं बघायला लागली, की तिला वाटलं असावं आपल्या कॉलेजच्या मॅडम हिच्याकडे शिकवणीला जात होत्या.)

ठरलं असं: रोज संध्याकाळी पाच वाजता, नात कॉलेजातून आली की, आजीनं सामान सांगायचं. मी बाहेर पाऊल टाकलं की मोबाइलवरचं स्टॉपवॉच सुरू, मी येऊन बेल वाजवली की बंद. बारा दिवस, बारा नोंदी.

पहिल्या दिवशी सकाळी मी फिरायला निघालो, तेव्हा फ्रिजवर चिकटवलेली बायकोची यादी पाठ केली. सामान सकाळीच घेतलं आणि सलूनवाल्याच्या पुढ्यात नेऊन ठेवलं.

"काका, हे काय?"

"मीठ, काड्यापेटी, पाव आणि दोन बल्ब. तुझ्या टॉवेलांच्या कपाटात ठेव. रोज असंच आणून देणार आहे."

"कशासाठी?"

"विज्ञानासाठी."

तो बिचारा विज्ञानाला मान देणारा माणूस. त्यानं टॉवेल सरकवले.

संध्याकाळी माझं गणित पक्कं होतं. घरापासून सलूनपर्यंत तीन मिनिटं. तिथं खुर्चीत चार मिनिटं. परत तीन मिनिटं. चालण्याचा त्रास नव्हता. त्रास मधल्या चार मिनिटांचा होता. चार मिनिटांत काय बोलणार? तिसऱ्या दिवशी एक गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनं सांगायला लागलं, की त्याचा साडू चुकून भलत्याच जोडप्याच्या लग्नाच्या वाढदिवसाला गेला, तीन तास पोटभर जेवला, भाषणही केलं, आणि मग नवऱ्यानं त्याला विचारलं... आणि माझी चार मिनिटं संपली! उठलो. पाव काखेत मारला आणि निघालो. नवऱ्यानं काय विचारलं ते आजतागायत मला कळलेलं नाही. लोक विज्ञानासाठी प्राण देतात म्हणे. मी माझा किस्सा दिला.

चौथ्या दिवशी अर्धं मिनिट लवकर पोचलो. दारासमोर उभा राहिलो, एक बोट बेलवर, डोळे मनगटावरच्या घड्याळावर. समोरच्या फ्लॅटमधल्या वहिनींनी दार उघडलं.

"काय हो, दारात का उभे? भांडण झालंय का?"

"शू! सोळा सेकंद राहिलीत."

त्यांनी हळूच दार लावून घेतलं. (रात्रीपर्यंत आमचं भांडण तीन मजल्यांवर पोचलं होतं.)

सलूनवाला शहाणा. पाचव्या दिवशी तो म्हणाला, "काका, रोज दहा दहा काय करता? एक दिवस नऊ करा, एक दिवस बारा करा. जरा खरं वाटेल."

मला राग आला. "अरे, चाळीस वर्षं या हातांनी लोकांची घड्याळं सेकंदाला सेकंद जुळवून दिलीत. 'दहा' म्हटलं की माझ्या हातून दहाच होणार. नऊ म्हणजे घाई आणि बारा म्हणजे बिघाड!"

"बरं बाबा," तो म्हणाला, "तुम्ही कारागीर, आम्ही नुसते केस कापतो."

घरात बायको रोज संशयानं पिशवी हुंगायची. "अहो, या पावाला दाढीच्या साबणाचा वास का येतोय?"

"नवीन कंपनी आहे."

"आणि मिठात हा पांढरा केस?"

"माझाच. वयानं गळतात."

नात मात्र प्रामाणिकपणे बटण दाबायची आणि वहीत लिहायची. १०. १०. १०. "आजोबा, परत दहा?" असं तिनं एकदोनदा विचारलं. "याला शिस्त म्हणतात," मी सांगितलं. पोरगी साधी, तिला वाटलं, आजी इतकी वर्षं या देवमाणसावर उगाचच आग ओकत होती. बारावी नोंद झाली, त्या दिवशी मी सोफ्यावर असा पसरलो, की जणू मीच परीक्षा घेणारा.

दुसऱ्या दिवशी नात दुपारीच कॉलेजातून आली ती रडतच.

ती खुर्चीत बसली, पाणी प्यायली आणि मग सांगायला लागली. सूत्र असं होतं: बाराच्या बारा नोंदींची सरासरी काढायची, त्यातून दावा वजा करायचा, आणि जे उरेल त्याला नोंदी एकमेकींपासून किती इकडेतिकडे पसरल्यात त्या मापानं भागायचं. सरासरी आली दहा. वजा दहा, शून्य. आणि पसारा? तोही शून्य, कारण एकही नोंद कणभर हललेली नव्हती. शून्याला शून्यानं भागायला सांगितल्यावर कॅल्क्युलेटरनं 'एरर' दाखवून मान टाकली. पोरीला वाटलं आपलंच काहीतरी चुकलं, म्हणून वही घेऊन मॅडमकडे गेली.

"मॅडमनी वही बघितली," ती हुंदके देत म्हणाली, "आणि म्हणाल्या, बारा वेळा बरोबर दहा? माणूस मोजलास की भिंत? हे आकडे तू घरी बसून मनानं लिहिलेस! म्हणाल्या, शून्य मार्क देते. आजोबा, मी खरंच मोजलं होतं ना? तुम्ही बघितलंत ना?"

तिच्या वहीतला एकूण एक आकडा खरा होता. खोटा होतो तो मी. पण ते सांगावं, तर उद्यापासून घरात बंद. मी खिडकीतून कोपऱ्याकडे बघितलं. सलूनवाला टॉवेल झटकत होता. मग मी पोरीकडे बघितलं. नाक लाल, वर्ष बुडण्याच्या बेतात.

"चप्पल घाल," मी म्हणालो. "तुझ्या मॅडमना भेटायचंय."

मॅडम उंच, बारीक, आणि चष्म्यातून अशा बघायच्या की माणूस आपोआप दशांश चिन्हानंतर दोन घरांपर्यंत खरं बोलू लागावा. मी टेबलासमोर उभा राहिलो. (बसा म्हणाल्या, पण बसलो असतो तर धीर सुटला असता.)

"मॅडम, हिचे आकडे खरे आहेत. मीच खोटा आहे."

मग सगळं सांगितलं. यादी, टॉवेलांचं कपाट, चार मिनिटं, बेलवरचं बोट. नात माझ्याकडे बघतच राहिली. मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"वीस वर्षं शिकवतेय," त्या म्हणाल्या. "माणूस खरा आणि आकडे खोटे, असं दर वर्षी बघते. उलटं पहिल्यांदाच बघितलं."

"मग तिला मार्क..."

"हिनं लबाडी केली नाही, हे मान्य. पण प्रोजेक्ट कुठंय? सोमवारपर्यंत बारा खऱ्या नोंदी आणा, मी तपासते."

"आणतो! आजपासून मी मनासारखा हिंडतो आणि..."

"तुमच्या नाही चालणार," मॅडम म्हणाल्या. "आपल्याला कुणीतरी मोजतंय हे तुम्हाला माहीत आहे. तुमच्यावर माझा काडीचा विश्वास नाही."

त्या दिवशी शुक्रवार होता. घरी येताना नात एक शब्द बोलली नाही. माझ्यासारख्या बडबड्याला याहून मोठी शिक्षा नाही. घरी आल्यावर मी बायकोला सगळं कबूल करून टाकलं. आता ती डाव उगारणार म्हणून मी टेबलाच्या पलीकडे उभा राहिलो. तिनं नुसतं ऐकून घेतलं. मग आतल्या खोलीत गेली आणि कॅलेंडरच्या जुन्या पानांचा एक गठ्ठा आणून टेबलावर टाकला.

पानांच्या पाठीवर तिच्या बारीक अक्षरात ओळीच ओळी. गेले दहा पाच, आले दहा अठ्ठावन्न. गेले पाच वीस, आले सहा चार. पुढं आणखी एक रकाना होता: 'सांगितलेलं कारण.' त्यात होतं: 'रांग.' 'रांग.' 'दुकान बंद. (उघडं होतं. मी खिडकीतून बघितलं.)' 'चांभाराला चक्कर आली.' 'चांभाराला परत चक्कर आली.'

"आजी!" नात किंचाळली. "हे काय?"

"पुरावा," बायको शांतपणे म्हणाली. "भांडणात यांच्यापुढं तोंड चालवून उपयोग नसतो, आकडा लागतो. म्हणून तुझा प्रोजेक्ट सुरू व्हायच्या आधीचे चार महिने लिहीत होते. एकही फेरी सोडलेली नाही. एकशे सहा आहेत."

"मग आधी का नाही दिलंस?"

"मला काय माहीत हे कपाटात मीठ ठेवतील? मला वाटलं आपोआपच हरतील."

सोमवारी तिघंही मॅडमकडे गेलो. मॅडमनी पानं उलटली आणि त्यांचा चेहरा असा फुलला, जणू एखाद्याला हरवलेली सोन्याची अंगठी सापडावी. "मोजतंय हे माणसाला माहीत नाही, फेरी एकही गाळलेली नाही! आजी, माझ्या विद्यार्थ्यांना जमत नाही हो हे." मग त्यांनी एकशे सहा चिठ्ठ्या करायला लावल्या, एका रिकाम्या डब्यात घातल्या आणि नातीला डोळे मिटून बारा काढायला सांगितल्या. मीही मदतीला हात पुढं केला.

"तुम्ही हात मागं ठेवा," मॅडम, नात आणि बायको एकदम म्हणाल्या.

बारा चिठ्ठ्यांची सरासरी आली सत्तेचाळीस मिनिटं. नोंदी इकडेतिकडे चांगल्या पसरलेल्या होत्या, त्यामुळं या वेळी कॅल्क्युलेटरनं मान टाकली नाही. पुस्तकाच्या तक्त्यात बघितलं तर माझा दावा टिकायला सूत्राचा आकडा एक पूर्णांक आठच्या आत हवा होता. आला नऊच्या वर.

"म्हणजे आजोबा खरं बोलत असते," नातीनं वहीत लिहिता लिहिता मोठ्यानं वाचलं, "तर असे आकडे योगायोगानं येण्याची शक्यता लाखात एकसुद्धा नाही. दावा फेटाळला."

मॅडमनी तिथल्या तिथं वीसपैकी अठरा मार्क दिले. पोरीनं आधी आजीला मिठी मारली, मग मॅडमशी हात मिळवला आणि शेवटी (बाहेर आल्यावर, कुणी बघत नाही असं पाहून) मलाही मिठी मारली. मी खूश झालो. मग आठवलं, की मी हरलोय.

घरी आल्यावर मी शहाण्यासारखा बायकोपुढं मोबाइल ठेवला. शब्द म्हणजे शब्द. "घे," म्हटलं. "मागव काय मागवायचं ते. आजपासून मी घरात."

तिनं मोबाइल उचलला आणि माझ्याच खिशात परत घातला.

मला वाटलं, त्रेचाळीस वर्षांचा संसार आहे, शेवटी बायकोच ती. माणसाचा जीव कशात अडकलाय ते तिला कळणारच. घसा खाकरून मी काहीतरी गोड बोलणार, इतक्यात ती म्हणाली, "अहो, हे बारा दिवस तुम्ही रोज दहा मिनिटांत परत येत होतात. आल्यावर काय केलंत आठवतंय? माझे सगळे डबे उंचीप्रमाणे लावलेत. साखर कुठंय ते मला अजून सापडत नाही. मी फोनवर बहिणीशी बोलत होते तर शेजारी बसून तिला उत्तरं दिलीत. चांगल्या चालत्या घड्याळाचा गजर उघडून बघितलात, तो आता दुपारी तीनला वाजतो. मला इतकी वर्षं कळलंच नव्हतं, की त्या सत्तेचाळीस मिनिटांत मी जगत होते."

"म्हणजे मी जाऊ?"

"जाच. पण सत्तेचाळीस मला पुरत नाहीत. सरासरी साठ करा."

मी पायात चप्पल सरकवली आणि उड्या मारत निघालो. सलूनमध्ये पोचलो, खुर्चीत बसलो, पाय पसरले, दोन किस्से ऐकले, आणि मग लक्षात आलं की भाजीची पिशवीच घरी राहिली. परत फिरलो. बेल वाजवली.

आतून आवाज आला, "कोण आहे?"

"अगं, मी. पिशवी विसरलो."

मग आतून बहिणीशी फोनवर बोलणं थांबल्यासारखं वाटलं.

"किती वेळ झाला जाऊन?"

मी मनगटावर बघितलं. "बावीस मिनिटं."

"मग अडतीस राहिलीत," ती म्हणाली, आणि आतून वरची कडीही लागल्याचा आवाज आला.